ध्वनिचाचणी पास, तरी वरच्यांची पावलं उशाशी ऐकू येतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मँचेस्टरला एका जुन्या व्हिक्टोरियन घरात राहतो. त्याचे आता चार फ्लॅट केलेत, आमचा तळमजल्यावर. मध्ये लाकडी तुळया आणि तक्तपोशी. घेताना ध्वनिचाचणीचा कागद नीट बघूनच सही केली होती. हवेतून येणाऱ्या आवाजासाठी इथे अशा रूपांतरित घरांना किमान 43 डेसिबल लागतात, आमचे 47 आलेत. आपटण्याच्या आवाजाची मर्यादा 64, त्यात आकडा कमी तितकं चांगलं. आमचा 57.

आणि रात्री अकराला वरचे गृहस्थ स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत गेले की मला त्यांची नऊ पावलं मोजता येतात! अनवाणी असतात ते. बोलणं येत नाही, टीव्ही अगदी पुसट, पण टाचेचा धप्प आवाज छातीत जाणवतो.

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आहे. सदाशिव पेठेत शेजारचा कुकर, भांडणं, रियाज, सगळं चार इंची भिंतीतून यायचं आणि ती गाढ झोपायची. इथे तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. तिकडे पंखा असायचा, खाली रस्ता असायचा. इथे रात्री इतकं सामसूम की एक पाऊलही झाकलं जात नाही. हे कुठल्या आकड्यात धरतात?

वाचून कळलं ते एवढं: हे आकडे 100 ते 3150 हर्ट्झमधल्या (हर्ट्झ कमी तितका सूर खालचा) सोळा पट्ट्यांवरून काढतात. टाचेच्या धपक्याचा जोर बहुतेक 100च्या खालीच. शिवाय चाचणीचं यंत्र म्हणजे अर्ध्या किलोचे पाच पोलादी हातोडे, सेकंदाला दहा ठोके. अनवाणी पावलाशी त्याचा मेळ कसा बसणार?

पुन्हा मोजणी करावी का? की वरच्यांना गालिचा घाला म्हणावं? माणूस चांगला आहे, उगाच संबंध बिघडवायचे नाहीत. आमच्या बाजूने छत करणं हा तिसरा मार्ग. ज्यांनी हे भोगलंय किंवा या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद 1

मी इमारतींच्या ध्वनिमोजणीचं काम करतो. तुम्हाला ऐकू येतंय ते खरं आहे आणि कागदही खोटा नाही. तुमच्या 47मध्ये खालच्या सुरांना जास्त वजन देणारी दुरुस्ती धरलेली असते, पण तीही 100पासूनच. 57च्या आकड्यात तर तेवढीही नाही. स्वीडनमध्ये घरांसाठी 50 हर्ट्झपासून मोजतात, लाकडी बांधकामात तो फरक फार मोठा पडतो. मोजणी करायचीच तर 50पासून मागा, आणि एक मीटरवरून रबरी चेंडू टाकून करा. तो पावलाच्या बराच जवळ जातो.

गालिच्याने टकटक आणि खुर्ची ओढणं जाईल, धप्प फारसं नाही. त्यासाठी शेजाऱ्यांना खर्चात घालू नका.

छत करणार असाल तर आहे त्याच छताला थोडी फट ठेवून बोर्ड ठोकू नका. फटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि खालचे सूर उलट वाढू शकतात. भिंतींवर टेकलेल्या स्वतंत्र तुळया घ्या, वरच्या छतापासून किमान 25 मिमी सुट्या. मध्ये 100 मिमी मिनरल वूल (आवाज शोषणारी खनिज लोकर), खाली प्लास्टरबोर्डचे दोन थर, मिळून चौरस मीटरला 20 किलो. उंची बरीच जाते. तुमची किती आहे?

धागाकर्ती

मनापासून आभार! उंची पावणेदहा फूट आहे, म्हणजे जमेल. गालिच्याचं बोलणार होते, बरं झालं थांबले. आधी फक्त आईच्या खोलीचं छत केलं तर चालेल, की धपका भिंतींतूनही उतरतो?