मदत हवी आहे : चित्रंच गोष्ट सांगतात तिथे वाचायचं कसं?

मंडळी, भाची साडेपाच वर्षांची आहे. रोज रात्री तिला गोष्ट वाचून दाखवतो, पण हल्ली एका ठिकाणी अडकतोय.

परवा पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' (१९६८) घेतलं. अख्ख्या पुस्तकात ३२ शब्द, तेही एकच वाक्य. कोंबडी फेरफटका मारते, बस्स. तिच्या मागावरच्या कोल्ह्याचा शब्दांत उल्लेखच नाही, तो फक्त चित्रांत. मी पान उलटायला गेलो, तर भाचीनं माझं मनगटच धरलं. "मामा थांब ना! आता ते त्याच्या नाकावर बसणार!" जमिनीवर पडलेलं दंताळं तिनं माझ्याआधी पाहिलं होतं.

मॉरिस सेंडॅक यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये (१९६३) तर चित्रं पानागणिक मोठी होत जातात आणि गोष्टीतल्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या ऐन धिंगाण्यात सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. तिथे मी बोललो तर ती चिडते, गप्प बसलो तर "सांग ना" म्हणते. अशी पानं तुम्ही कशी वाचता?

शिवाय या दोन्हींसारखी, लेखक आणि चित्रकार एकच असलेली आणखी पुस्तकं सुचवा. लिहिणाऱ्यालाच चित्र काढायचं असलं की काय लिहायचं नाही हे त्याला नेमकं कळतं, असं मला वाटतं. जोडीनं केलेलीही चालतील. मराठीत मिळणारी असतील तर आधी ती सांगा, कारण वाचता वाचता भाषांतर करताना माझ्याकडून लय निसटते आणि तिला ते लगेच कळतं.