कूलर लावला की कंट्रोलरचा कर्सर अडकते, काय भानगड आहे?

बर्डीचा_बंटी
शनिवार, रात्री ११:४२

मंडळी, डोकं आऊट झालं म्हणून लिहून राहिलो. हॉलमध्ये जुना डेस्कटॉप आहे, एचडीएमआयनं ४३ इंची टीव्हीला जोडलेला, सीपीयू टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आणि मी समोर दिवाणावर लोळून एक्सबॉक्सच्या कंट्रोलरनं सगळं चालवतो. फक्त गेम नाही, सगळं, यूट्यूब, पिक्चर, मॅच, लाईटचं बिल पण. आधी माऊस वापरायचो पण माऊसला खाली सपाट काहीतरी लागते, मी पाट घेऊन बसायचो तर आई रोज ओरडे की जेवायला बसायचा पाट आहे तो. स्टीम (ते गेमवालं सॉफ्टवेअर) मागं चालू ठेवलं की कंट्रोलरच माऊस होऊन जाते हे समजलं तेव्हापासून पाट किचनमध्ये आणि मी सुखात.

आता प्रॉब्लेम ऐका. दिवसा एकदम मक्खन चालते. रात्री जेवणं झाली, कूलर लावला, पिक्चर लावला की कर्सर अडकायला लागते, म्हणजे स्टिक ढकलली तर अर्धा सेकंद काहीच नाही आन मंग एकदम उडी मारून दुसऱ्या कोपऱ्यात, पॉज एकदा दाबला तर दोनदा दाबल्या जाते, कधी कधी कंट्रोलर सरळ डिस्कनेक्टच होते. सेल नवीन टाकले. ब्लूटूथचं डोंगल आहे नखाएवढं, सीपीयूच्या मागं लावलेलं. तीन रात्री नीट पाहिलं, कूलर लावला की हेच. आता कूलर तर बंद करू शकत नाही ना बाप्पा, मे महिना आहे अन् नागपूर आहे. कूलरच्या मोटरचा ब्लूटूथवर परिणाम होते का? बाबा म्हणतात घराची वायरिंग जुनी आहे, अर्थिंग पाहून घे.

अजून एक. टास्क मॅनेजर उघडला किंवा काही इन्स्टॉल करताना ते परवानगी विचारणारं येते ना, तेव्हा कंट्रोलर मरूनच जाते, उठून कीबोर्डपाशी जावं लागते. त्याचं काही होते का?


तर्रीपोहे
शनिवार, रात्री ११:५८

कूलरच आहे भाऊ, लिहून घे. आमच्या घरी कूलरचं बटन दाबलं की आजोबांच्या रेडिओत खरखर येते. अर्थिंग करून घे आधी. कूलरच्या पत्र्याला उलटा हात लावून पाहा झिणझिण्या येतात का.


मानेवाडा_लिनक्स
रविवार, रात्री १२:२१

@तर्रीपोहे अबे हात लावायला काय सांगून राहिला, दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या असतात. ओल्या फरशीवर उभं राहून कोणी पत्र्याला हात लावू नका, पाणी भरताना प्लग काढा, चेक करायचं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता मुद्द्यावर. रेडिओची खरखर आणि हे, दोन्ही वेगळे मामले आहेत. मीडियम वेव्ह म्हणजे पाचशे ते सोळाशे किलोहर्ट्झ, तिथं बटनाच्या ठिणगीचाही आवाज येते. ब्लूटूथ चालते २.४ गिगाहर्ट्झवर, कुठच्या कुठं. कूलरची मोटर तिथपर्यंत पोचत नाही. तिथं त्रास देणारे दुसरे असतात, वायफाय राउटर, मायक्रोवेव्ह ओव्हन (तो पण २.४५ वरच चालते) आणि अजून एक जण आहे ज्याच्यावर कोणाला संशय येत नाही.

म्हणून दोन प्रश्न. कूलर लावून पिक्चर न लावता नुसतं यूट्यूब चालवून पाहिलं का? आणि तू पिक्चर लावतो तो कुठून लावतो?


बर्डीचा_बंटी
रविवार, सकाळी ९:१०

यूट्यूब पाहिलं आता, कूलर फुल स्पीडवर ठेवून. काहीच झालं नाही, मक्खन. म्हणजे आता मी अजून कन्फ्यूज.

पिक्चर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहेत, एका मित्राची आहे, २ टीबीवाली. रात्री लावतो आणि सकाळी काढून ठेवतो कारण आई झाडू मारताना वायर ओढते. सीपीयूच्या मागंच लावतो, डोंगलच्या बाजूच्या पोर्टमध्ये.


मानेवाडा_लिनक्स
रविवार, सकाळी ९:३४

सापडला चोर. तुझा पोर्ट निळा आहे ना आतून? निळा म्हणजे यूएसबी ३. यूएसबी ३ चा डेटा ५ गिगाबिटनं पळते आणि त्या पळण्यातून जो रेडिओचा कचरा निघते तो बरोबर २.४ च्या पट्ट्यात जाऊन पडते. हे माझं डोकं नाही, इंटेलनं २०१२ मध्येच यावर एक पेपर काढला होता, वायरलेस माऊसचं उदाहरण देऊन. हार्ड डिस्कची वायर आणि तिचं कनेक्टर, शिल्डिंग (वरचं धातूचं आवरण) कमजोर असलं की तिथूनच गळते. तुझं नखाएवढं डोंगल त्याच्या एक इंच बाजूला बसलं आहे, म्हणजे लग्नाच्या बँडच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं. त्यात ते सीपीयूच्या मागं, मधात पत्र्याचं कॅबिनेट, वरून टीव्ही युनिटचा कप्पा. कंट्रोलर बिचारा दिवाणावरून बोंबलून राहिला आणि डोंगलला ऐकूच येत नाही.

फुकटची टेस्ट सांगतो. आज रात्री हार्ड डिस्क काळ्या पोर्टमध्ये लाव, यूएसबी २ वाल्या. पिक्चर अटकणार नाही, काळजी करू नको. यूएसबी २ सुद्धा ४८० मेगाबिटचं असते, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी एचडी पिक्चरला दहा-वीस मेगाबिट पुरते. फक्त मोठ्या फाईल कॉपी करताना हळू वाटेल. यानं कर्सर सुधरला तर मंग यूएसबीची मीटरभर एक्स्टेंशन केबल आणायची, डोंगल तिच्या टोकाला लावून टीव्हीच्या खाली समोर चिकटवायचं, दिवाणाकडं तोंड करून. केबलला शंभर-दीडशे लागतील.


खामल्याची_ताई
रविवार, दुपारी १२:०५

आमच्याकडेही सेम सेटअप आहे, त्यामुळे राहवलं नाही. माझ्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने ते हॉलमध्येच होते आणि त्यांच्यासाठी हे सगळं बसवलं. ७१ वर्षांचा माणूस कंट्रोलर हातात धरून भजनं लावतो हे पाहून शेजारचे विचारायला आले होते.

माझ्या अनुभवाचं सांगते. स्टिकनं कर्सर चालवणं हे अवघड काम आहे, आपल्याला गेममुळे सवय असते, घरच्यांना नसते. बारीक एक्सवर क्लिक करायचं म्हणजे त्यांचा कर्सर डावीकडून गेला, उजवीकडून गेला, कंटाळा. त्यांना शिकवण्यापेक्षा स्क्रीनवरच्या वस्तूच मोठ्या करा. विंडोजमध्ये डिस्प्ले स्केलिंग १५० नाहीतर सरळ २०० टक्के, माऊस पॉइंटर मोठा आणि पिवळा, ब्राउझरचा झूम वाढवलेला. निम्मा त्रास तिथेच गेला.

दुसरं म्हणजे आमच्याकडे प्लेस्टेशनचा ड्युअलशॉक ४ आहे, त्याला मधोमध टचपॅड असतो. माझा पीसी लिनक्सवर आहे, तिथे तो कंट्रोलर ब्लूटूथनं जोडला की टचपॅड आपोआप लॅपटॉपच्या टचपॅडसारखा चालतो, काही टाकावं लागत नाही. विंडोजवर त्याला डीएस४विंडोज नावाचं सॉफ्टवेअर लागतं. स्टिकपेक्षा बोट फिरवणं सासऱ्यांना लगेच जमलं.

आणि पिक्चर, गाणी याच्यासाठी कर्सर हवाच कशाला? कोडी टाका, पिक्चर-गाणी लावायचंच सॉफ्टवेअर आहे. ते मुळात जुन्या एक्सबॉक्ससाठीच बनलं होतं, तेव्हा नाव एक्सबीएमसी होतं, २०१४ मध्ये कोडी झालं. म्हणजे कंट्रोलर हातात धरून दूरून वापरायला. बाण दाबा, ए दाबा, संपलं. कर्सर फक्त ब्राउझरसाठी.


पुण्यात_तात्पुरता
रविवार, दुपारी १:१५

एवढं सगळं करण्यापेक्षा टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड का नाही घेत? हजार-दोन हजारात येतो. कंट्रोलरनं लाईट बिलाचा ग्राहक क्रमांक टाकणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं.


बर्डीचा_बंटी
रविवार, दुपारी २:४०

@पुण्यात_तात्पुरता भाऊ तुम्ही तिकडं गेले आणि लोळणं विसरले. कीबोर्ड पोटावर ठेवून कोणी झोपते का. कंट्रोलर एका कुशीवर पण चालते, चादरीच्या आतून पण चालते. ग्राहक क्रमांक ब्राउझरनं सेव्ह करून ठेवला आहे, महिन्यातून एकदा फक्त क्लिक. बाकी सर्चसाठी एक्सबॉक्सचं गोल बटन धरून एक्स दाबतो, स्टीमचा कीबोर्ड स्क्रीनवर येते, चार अक्षरं टाकली की खाली सजेशन येतेच.

पण मान्य करतो, मोठं काही लिहायचं असलं तर जमत नाही. हे सगळं फोनवरून लिहून राहिलो.


मानेवाडा_लिनक्स
रविवार, दुपारी ३:२०

तुझा दुसरा प्रश्न राहिला होता. टास्क मॅनेजर ॲडमिनच्या अधिकारानं चालते आणि स्टीम साध्या अधिकारानं. साध्या प्रोग्रामनं ॲडमिनवाल्या खिडकीत खोटे माऊस-क्लिक पाठवले तर विंडोज ते फेकून देते, मुद्दाम, नाहीतर कोणताही व्हायरस स्वतःच यस दाबून मोकळा झाला असता. म्हणून कर्सर त्या खिडकीवर गेला की मेला. स्टीम ॲडमिन म्हणून चालवलं तर टास्क मॅनेजर चालेल, पण मंग स्टीममधून उघडलेले गेम पण ॲडमिन होतात, ते मले काही पटत नाही.

आणि परवानगीवाली खिडकी येताना मागची स्क्रीन काळपट होते ना, तो वेगळाच डेस्कटॉप असते, तिथं ॲडमिन प्रोग्रामची पण डाळ शिजत नाही. स्क्रीन काळपट न करण्याची सेटिंग आहे, स्लायडर एक पायरी खाली, पण मी म्हणेन राहू दे. महिन्यातून दोनदा उठलं तर काय बिघडते, कूलरचं पाणी पण पाहून होते. लॉगिनच्या पिनचंही तेच, स्टीम लॉगिननंतर चालू होते म्हणून तिथं कंट्रोलर काहीच करू शकत नाही. एक जुना कीबोर्ड युनिटच्या मागं उभा ठेव.

स्टीम जड वाटत असेल तर गोफर ३६० नावाचं कंट्रोलरला माऊस बनवणारं एक छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, एकच फाईल, डावी स्टिक माऊस, उजवी स्टिक स्क्रोल, ए म्हणजे क्लिक, एक्स म्हणजे राईट क्लिक. स्टार्ट आणि बॅक सोबत दाबले की बंद-चालू होते, गेम लावायच्या आधी बंद करायचं. फक्त स्टीम आणि गोफर दोन्ही एकाच वेळी चालू नका ठेवू, एका दाबण्यात दोन क्लिक जातात, तुझं ते डबल पॉज होते म्हणाला ना, त्याचं कारण हे पण असू शकते, एकदा पाहून घे. आणि ते गोल बटन दाबलं की विंडोजचा गेम बार मधात येत असेल तर सेटिंगमधून बंद कर, नाहीतर ऐन मॅचमध्ये डोकं खाते.


तर्रीपोहे
रविवार, दुपारी ४:०२

एक प्रश्न. माझा कंट्रोलर लोकलवाला आहे, हात लावला नाही तरी कर्सर हळूहळू वर चालत जाते. रात्री झोपताना पाहिलं तर कर्सर पार छताला. भूत आहे का?


खामल्याची_ताई
रविवार, दुपारी ४:१९

भूत नाही, ड्रिफ्ट. स्टिकच्या खाली फिरणारे रेझिस्टन्स असतात ते घासून झिजतात, मग स्टिक मधोमध असली तरी कंट्रोलरला वाटतं कोणी ढकलतंय. गेममध्ये कळत नाही, कर्सरमध्ये लगेच कळतं. डेडझोन वाढवा, म्हणजे मधली थोडी हालचाल मोजायचीच नाही. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये आहे. पार छतापर्यंत जात असेल तर मात्र डेडझोन इतका वाढवावा लागेल की बारीक क्लिक जमणारच नाही, मग नवीन घ्या. आता हॉल इफेक्टवाल्या स्टिकचे मिळतात, त्यात चुंबक असतं, काही घासतच नाही.


बर्डीचा_बंटी
मंगळवार, रात्री १०:५५

अपडेट. हार्ड डिस्क काळ्या पोर्टमध्ये लावली, कूलर फुल, पूर्ण पिक्चर पाहिला अडीच तासाचा, कर्सर एकदाही अडकला नाही. मंग खात्री करायला मधातच निळ्या पोर्टमध्ये लावली तर लगेच सुरू, उड्या. म्हणजे हार्ड डिस्कच. काल बर्डीवरून एक्स्टेंशन केबल आणली १२० ची, डोंगल टीव्हीच्या खाली टेपनं चिकटवलं, आता निळ्या पोर्टमध्ये पण चालते. @मानेवाडा_लिनक्स भाऊ दंडवत. गोफर पण चालू होतं मागं, मीच कधीतरी टाकून विसरलो होतो, काढलं.

कोडी पण टाकलं ताई, आईला दाखवलं. तिनं पहिल्याच दिवशी स्वतः गाणी लावली आणि आता कंट्रोलर तिच्याकडंच असते. पंधरा मिनिटं हात लावला नाही की तो झोपून जाते, आई म्हणते बिघडला, मी म्हणतो गोल बटन दाब, रोज हेच.

आणि कूलरची गोष्ट राहिलीच. बाबांनी मी नाही म्हणत असताना इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. त्यानं मीटर लावून पाहिलं तर हॉलच्या त्या प्लगला अर्थिंगच नव्हती, वायर आतून तुटलेली होती कोण जाणे कधीपासून. आज जोडून दिली.


तर्रीपोहे
मंगळवार, रात्री ११:०३

म्हणजे माझं अर्धं बरोबर होतं. पोहे तुझ्याकडून, तर्री डबल.


मानेवाडा_लिनक्स
मंगळवार, रात्री ११:०९

तुझं अर्धं नाही, त्याच्या बाबांचं पूर्ण बरोबर होतं. तू तर हात लावून पाहायला सांगत होता.