मधमाशी ‘नाही’ म्हणू शकते का?

अर्धविराम

‘प्राण्यांनाही भाषा असते’ हे वाक्य हल्ली कुणीही सहज टाकून जातं आणि सगळे माना डोलावतात. मला ते पटत नाही. प्राणी संवाद साधतात, उत्तम साधतात. पण संवाद वेगळा, भाषा वेगळी. तान्हं बाळ रडून संवाद साधतंच की. भाषा त्याला अजून यायची असते.

मधमाशीचंच घ्या. पोळ्याच्या अंधारात, उभ्या मेणावर ती अंग थरथरवत सरळ रेषेत चालते. ती रेषा उभ्या दिशेशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन बाहेर सूर्य आणि फुलं यांच्या दिशांमध्ये असतो. थरथर जितका वेळ टिकते तितकी फुलं लांब. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं आणि १९७३ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. पण त्यांनीच एकदा पोळं रेडिओच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी ठेवलं आणि साखरपाणी मनोऱ्यावर. वर नेऊन आणलेल्या माश्या परतून नाचल्या, बाकीच्या चारी दिशांना जमिनीलगत शोधत फिरल्या. वर एकही गेली नाही. ‘वर’साठी त्यांच्याकडे खूण नाही, आणि नवी घडवायची सोयही नाही.

आता हे वाचा: ‘काल आलेला पाहुणा उद्या आला असता तर बरं झालं असतं.’ जे घडलंच नाही, त्याबद्दलची हळहळ. हे वाक्य तुम्ही याआधी ऐकलेलं नसणार, तरी अडला नाहीत. माझ्या लेखी भाषा ही आहे. मधमाशी ‘तिकडे आता काही नाही’ एवढं तरी सांगू शकते का?

रानभूल

असहमत. आधी माणूस वेगळा हे ठरवून टाकायचं आणि मग त्याच्याच मापाचा अंगरखा शिवायचा, असं चाललंय.

पूर्वी म्हणायचे, प्राण्यांचे आवाज म्हणजे नुसती भीती, त्यांना अर्थ नाही. १९८० मध्ये केनियातल्या व्हर्वेट माकडांवरचं काम आलं. बिबट्याचा इशारा स्पीकरवरून ऐकवला की माकडं झाडावर, गरुडाचा ऐकवला की मान वर, सापाचा ऐकवला की मागच्या पायांवर उभं राहून गवतात शोधाशोध. समोर ना बिबट्या, ना साप. मग निकष बदलला: ‘पण त्यांना जोडता येत नाही.’ २०१६ मध्ये तोशिताका सुझुकी यांनी जपानमधल्या टिट या छोट्या पक्ष्यांवर दाखवलं की ‘सावध राहा’ आणि ‘जवळ या’ हे दोन आवाज ते ठरावीक क्रमाने जोडतात. क्रम उलटा करून ऐकवला तर फारशी दाद देत नाहीत.

आणि हो, मधमाशी ‘नको’ म्हणते. जिथे हल्ला झाला त्या जागेची जाहिरात दुसरी माशी करत असेल, तर तिला डोकं आपटून छोटासा गूं आवाज काढते. नाच थांबतो. हे २०१० मध्ये छापून आलंय.

अर्धविराम

डोकं आपटणं वाचून मजा आली. पण ते ‘थांब’ आहे, ‘नाही’ नव्हे. ‘थांब’ म्हटलं की समोरचीने थांबायचं, विषय संपला. ‘तिथे फुलं नाहीत’ हे विधान आहे. ते खरं असेल, खोटं असेल, त्यावर वाद घालता येतो. त्या आपटण्यातून माशीला हेही कळत नाही की फुलं संपली, कोळी बसलाय, की आणखी काही.

सुझुकींचं काम सुंदरच आहे. पण क्रम हे जोडण्याचं सगळ्यात सोपं साधन. ‘वाघाने माणसाला मारलं’ आणि ‘माणसाला वाघाने मारलं’, क्रम उलटा, मेला तोच. ‘माणसाने वाघाला मारलं’ म्हटलं की मेलेला बदलला. शब्द तेच, फक्त ‘ने’ आणि ‘ला’ यांनी जागा बदलल्या. हीच यंत्रणा कोणत्याही दोन नामांना चालते. टिटकडे दोन आवाज आणि एक जोड.

तिरकस

धागा सुरू करणाऱ्या अर्धविराम यांना अनुमोदन. निम चिंपांझीला खुणांची भाषा शिकवायचा प्रयोग आठवा. त्याचं सगळ्यात लांब ‘वाक्य’ सोळा खुणांचं: दे संत्रं मी दे खा संत्रं मी खा संत्रं... असंच पुढे. लांबी वाढली, अर्थ तिथेच. प्रयोग करणारे हर्बर्ट टेरेस यांनीच १९७९ मध्ये लिहिलं की ही भाषा नव्हे.

रानभूल

निमचीच गोष्ट नेहमी सांगितली जाते, कांझीची नाही. कांझी हा बोनोबो, म्हणजे चिंपांझीचा जवळचा नातलग वानर. त्याच्या पालक-आईला माणसं शब्दांची चिन्हं शिकवत होती, तेव्हा बाजूला बसून तोच ती शिकला. पुढे त्याला ६६० तोंडी इंग्रजी सूचना दिल्या, बऱ्याच मुद्दाम विचित्र. त्याने ७२ टक्के बरोबर पार पाडल्या, तुलनेसाठी घेतलेल्या दोन वर्षांच्या मुलीने ६६ टक्के.

तिरकस

ती मुलगी वर्षभरात कुठे पोचली असेल? कांझी तिथेच राहिला.

काजवा

दोघेही प्राण्यांत अडकलात. प्रश्न असा आहे की भाषा आहे कशासाठी. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की म्हणतात, मुळात विचारासाठी, संवाद हा जोडधंदा. धागाकर्त्यांचा रोखही तोच दिसतो. पण पक्षाघाताने भाषा जवळजवळ पूर्ण गेलेले काही रुग्ण गणितं सोडवतात, बुद्धिबळ खेळतात. म्हणजे विचार भाषेवाचून चालतो. इव्हलिना फेडोरेंको आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये हेच मांडलं: भाषा मुख्यतः संवादाचं साधन. मग संवाद वेगळा, भाषा वेगळी ही फाळणी कशाला?

अर्धविराम

कशासाठी वापरतो आणि कशी बनलीय हे दोन प्रश्न आहेत. माझा मुद्दा दुसऱ्याचा.

निकाराग्वात १९७७ नंतर कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या. मुलं घरून आपापल्या हातवाऱ्यांसह आली होती. घरच्यांशी त्यांचं निभत होतं. शिक्षक ओठ वाचायला शिकवत राहिले, ते फारसं जमलं नाही. मैदानात आणि बसमध्ये मात्र मुलांची आपली खुणांची भाषा उभी राहिली. एखादी वस्तू उतारावरून घरंगळत जाते हे आपण हाताने दाखवतो तेव्हा गोल फिरणं आणि खाली जाणं एकाच हालचालीत येतं. मोठ्या मुलांचंही बरंचसं तसंच होतं. नंतर आलेली लहान मुलं मात्र आधी ‘गोल फिरणं’, मग ‘खाली’, अशा दोन सुट्या खुणा करू लागली. निरोप पोचवायला त्याची गरज नव्हती, एक हालचाल पुरत होती. पण सुटे भाग झाले की ते इतरत्र जोडता येतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

(अवांतर: भाषा आवाजातच असते असं समजणाऱ्यांनीही हे वाचावं.)

काजवा

हे उदाहरण माझ्याच बाजूने जातंय. घरी एकेकटी होती तेव्हाही मेंदू तेच होते, तेव्हा असं व्याकरण आलं नाही. १९८३ पर्यंत दोन शाळा मिळून चारशेच्या वर मुलं झाली, रोज एकमेकांशी बोलायची गरज पडली, तेव्हा आलं.

अर्धविराम

व्हर्वेट माकडंही कळपातच राहतात, पिढ्यानपिढ्या. रोजची गरज त्यांनाही आहे, जिवावरची. त्यांचे इशारे अजून सुटेच.

रानभूल

त्यांना पुरतात म्हणून. बिबट्या आल्यावर ‘आला असता तर’ म्हणायला कोण थांबतंय?