सरासरीच्या आड लपलेले वाघ

एकांनी लिहिलंय की दोन जंगलांत वीस-वीस वाघ असले, तर नामशेष होण्याचा धोकाही सारखाच. नागपुरात बसून हे पटणं कठीण आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या मध्य प्रदेशातल्या बाजूची कॉलरवाली वाघीण आठ वेतांत 29 पिल्लांची आई झाली; 2022 मध्ये ती गेली. पुढची पिढी अशा एकदोघींवरच उभी असेल तर शेताच्या कुंपणात सोडलेली विजेची एक तार पुरते, वीसचा आकडा कामाला येत नाही.

पण जनावरा-जनावरांतला असा फरक नेहमी घातकच असतो असंही नाही, आणि हे मला जास्त रंजक वाटतं. समजा दहा जनावरं आहेत, प्रत्येकाची वर्षभर जगण्याची शक्यता 50 टक्के. दहाही मरण्याची शक्यता 1,024 मध्ये एक. आता पाचांची 90 आणि पाचांची 10 टक्के धरा. सरासरी तीच, पण सगळी मरण्याची शक्यता साधारण 1 लाख 69 हजारांत एक! (प्रत्येकाचं मरण स्वतंत्र धरलंय, रोगाची साथ आली की हा हिशेब बोंबलला.)

म्हणून गणनेचा आकडा सांगताना पिल्लं किती माद्यांची आहेत तेही सांगा. कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) फोटोंत पट्ट्यांवरून प्रत्येक वाघीण ओळखता येतेच की.