टॅक्सीत कारसीटच्या सक्तीतून सूट आहे, म्हणून बाळ मांडीवर?

भटकी_आई: परवा एका लेखात सल्ला वाचला: "लंडनच्या टॅक्सीत कारसीटची (मुलांना बांधून बसवायच्या सीटची) सक्ती नाही. धूड वाहू नका, बाळ मांडीवर घ्या." खाली अनुमोदनांची रांग! राहवेना म्हणून हा धागा. ब्रिटनचा नियम असा: मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंमी उंच, जे आधी होईल तोवर कारसीट हवी. टॅक्सीत योग्य सीट नसेल तर सूट, तीही मागे बसवलं तरच. पण सूट मिळते ती दंडातून. ताशी ५० किमीने चाललेली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं पोर १४० किलोंच्या जोराने पुढे जातं. धरून दाखवा.

निवांत: आलं भौतिकशास्त्र! दोन मुलं, चार बॅगा आणि गुडघे धरून चालणारी आई घेऊन एकदा उतरा विमानतळावर, मग बोलू. जपानमध्ये टॅक्सीला सूट, सिंगापूरमध्येही. ती सरकारं काय खुळी?

तिसरा_कोन: सिंगापूरची सूट टॅक्सीला, ॲपवरच्या खासगी गाड्यांना नाही. आम्ही तसेच दार उघडून बसायला गेलो, ड्रायव्हरने सरळ नाही म्हटलं. भर पावसात. तेव्हा चिडलो होतो. चूक आमचीच, काय करणार.

मीच_तो: गाडी भाड्याने घ्या, सीटही तिथेच मिळते, हाय काय नाय काय.

काटेकोर: मिळते! आम्हाला मिळालेल्या सीटच्या पट्ट्यांत कुणाची तरी बिस्किटं वाळली होती, माहितीपत्रक गायब. आधी अपघातात सापडली होती का, कोण सांगणार? स्वतःची न्या.

मीच_तो: कुठली स्वतःची? तुमची अमेरिकन असेल तर युरोपात मान्य नाही, तिथे आर४४ किंवा आर१२९ या सुरक्षा मानकाचं लेबल लागतं. ऑस्ट्रेलियाला तर फक्त स्वतःचंच मानक चालतं.

काटेकोर: म्हणजे चांगली सीट बेकायदा आणि मांडी कायदेशीर! सीमा ओलांडली की सीट बिघडते का?

तिसरा_कोन: सीट नाही, वय बदलतं. लेक ११ वर्षांची, १४० सेंमी. फ्रान्समध्ये १० वर्षांपर्यंतच नियम, म्हणून बाईसाहेब मोठ्या. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंमी, म्हणून पुन्हा बूस्टरवर (मोठ्या मुलांना उंच करणारी बैठक). संध्याकाळपर्यंत अबोला.

निवांत: धागा माझ्या नावाने काढून सीटचं प्रदर्शन भरवलंत. (हो, तो लेख माझाच.) भटकीताई, विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, तेव्हा तुमचे १४० किलो कुठे जातात? की मांडीवर घेणाऱ्या सगळ्या आया निष्काळजी?

भटकी_आई: आयांना मध्ये आणू नका, मीही एक आहे. विमानाचा मुद्दा बरोबर आहे, लिहिताना दात खाऊन लिहितेय. धाकट्याला मांडीवर घेऊनच गेले होते, तिकिटाचे पैसे वाचवायला. त्यावरून टॅक्सीतली मांडी सुरक्षित ठरत नाही.

निवांत: बरं बाई. पुढच्या खेपेला विमानतळ ते हॉटेल सीटवाली गाडी आधीच सांगून ठेवतो. बिल तुम्हाला पाठवू?

भटकी_आई: पाठवा. आधी दोघांची उंची कळवा, १३५च्या वरच्याचे मी देणार नाही.