‘ग्राह्य नाही’ की ‘ग्राह्य धरली नाही’? फोटोवरच्या ओळखीबद्दल

प्रश्न, अंबाजोगाई :
मी कोर्टाच्या बातम्या करते. जबरी चोरीच्या एका खटल्यात फिर्यादीला पोलिसांनी मोबाइलवर आरोपीचा फोटो दाखवला होता. पुढं आरोपी सुटला. मी लिहिलं, ‘फोटोवरून पटवलेली ओळख कोर्टानं ग्राह्य धरली नाही.’ डेस्कनं केलं, ‘ग्राह्य नाही.’ दोन्ही एकच का?

लातूर (वकील) :
नाही हो ताई, डेस्कनं अर्थच बदलला. ‘ग्राह्य असणं’ म्हणजे पुरावा कोर्टापुढं येऊ शकतो. ‘ग्राह्य धरणं’ म्हणजे न्यायाधीशांनी तो मानला. मोंढ्यात माल उतरला म्हणून भाव लागतोच असं नाही. ओळखीशी संबंधित गोष्टी 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 9 खाली यायच्या, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 7 खाली येतात. तिथं फोटोला मनाई नाही. पण मनु शर्मा खटल्यात (2010) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, फोटोवरची ओळख काय किंवा ओळख परेड (इतरांच्या रांगेत उभ्या केलेल्या संशयिताला साक्षीदारानं ओळखणं) काय, दोन्ही तपासाला मदत म्हणून. खरा पुरावा म्हणजे साक्षीदारानं शपथेवर, कोर्टात आरोपीकडं बोट दाखवणं.

परभणी (निवृत्त नायब तहसीलदार) :
आमच्या जुन्या कागदांत ओळख पटवण्याला ‘शिनाख्त’ असायचं, निजामाच्या काळातली उर्दू. परेड आम्हीच घ्यायचो. एका संशयितामागं किमान सहा डमी, त्याच वयाचे, त्याच अंगकाठीचे. त्यांना जमवताना नाकी नऊ यायचे. दोन पंच, खोलीत पोलीस नाही. संशयिताला विचारायचं, कुठं उभा राहतोस, कपडे बदलायचेत का. कपाळावर व्रण असला की सगळ्यांच्याच कपाळाला तिथं कागदाची पट्टी. एवढं करून उलटतपासणीत निघतं की साक्षीदाराला फोटो आधीच दाखवला होता! मग त्यानं त्या रात्रीचा माणूस ओळखला की फोटोतला, कोण सांगणार?

लातूर :
म्हणूनच डी. गोपालकृष्णन खटल्यात (2004) म्हटलंय, संशयित हाताशी असेल तर फोटो आधी दाखवू नये. तो सापडलाच नसेल तर गोष्ट वेगळी, तपास कुठून तरी सुरू करावाच लागतो. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम 22 तर फरार घोषित आरोपीच्या फोटोवरच्या ओळखीला परेडइतकीच किंमत देत होतं. कर्तारसिंग निकालात (1994) ते रद्द झालं.

नांदेड :
आरोपी गावातलाच असला तर? फिर्यादी म्हणते, मी त्याला लहानपणापासून ओळखते.

लातूर :
मग परेड कशाला? तिथं ‘ओळखते’ एवढंच लिहायचं. ‘ओळख पटवली’ अनोळखी माणसाबद्दल. बातम्यांत हे दोन सर्रास एक होतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, पोलिसांनी परेडच घेतली नाही.

परभणी :
आणखी एक. ‘गृहीत धरणे’च्या जागी ‘ग्राह्य धरणे’ लिहितात. गृहीत म्हणजे पुराव्याशिवाय मानलेलं. कोर्टाच्या बातमीत तर फारच घातक.

अंबाजोगाई :
पटलं. पण ‘आधी फोटो दाखवल्यानं ओळखीच्या पुराव्यावर कोर्टानं विश्वास ठेवला नाही’ हे मथळ्यात बसेल कसं?

लातूर :
‘फोटोवरची ओळख टिकली नाही’ लिहा. आम्ही बाररूममध्ये असंच म्हणतो.