जर्मनीत माणूस ठेवताना
पुण्याच्या कंपनीसाठी म्युनिकला एक माणूस ठेवायचाय, आपलंच ऑफर लेटर चालेल का असा प्रश्न असेल, तर नुसतं तेवढ्यावर नका जाऊ हो. माणूस तिथे राहून काम करणार म्हणजे रजा, आजारपण सगळं तिथल्या कायद्याने. पाच दिवसांचा आठवडा असेल तर वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा, सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. नोकरीला ४ आठवडे झाल्यावर आजारी पडला तर ६ आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनीनेच द्यायचा आणि ते दिवस रजेतून कापायचे नाहीत, इथेच आपले लोक चुकतात. हेल्थ इन्शुरन्स, पेन्शनचा साधारण अर्धा वाटा पण आपलाच. आणि काढायची वेळ आली तर ईमेल, व्हॉट्सॲप अजिबात चालत नाही, कागदावर पेनाने सही लागते.